चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

पटकीचा रोगी मरतो तो कोरडा पडून. रोगाचे जंतु आंतड्यांत शिरले म्हणजे त्यांच्या विषानें आंतड्याचें अस्तर शरीरांतील पाणी व क्षार बाहेर टाकूं लागतें. धडधाकट माणसाच्या अंगांतून तासाला शेरभर पाणी निघून जाऊं शकतें. डोळे खोल जातात, आवाज बसतो, हातापायांत गोळे येतात, नाडी लागेनाशी होते, आणि सकाळीं शेतावर गेलेला मनुष्य दिवेलागणीपर्यंत हातचा जातो. लहान मुलांच्या साध्या हगवणींतहि हीच गोष्ट घडते, फक्त थोडी सावकाश. जंतु कोणताहि असो, मरण येतें तें बहुधा शरीरांतील पाणी व मीठ संपल्यामुळें. तेव्हां गेलेलें पाणी व मीठ परत घातलें तर रोगी वांचला पाहिजे, हें उघड आहे. आणि एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना तें ठाऊकहि होतें. अडचण येवढीच कीं, नुसतें पाणी किंवा मिठाचें पाणी पाजलें तर आंतडें तें शोषून घेत नसे. म्हणून शिरेंतून सलाइन देणें हा एकच मार्ग उरे, आणि त्याला निर्जंतुक द्रव, सुया, नळ्या, शिकलेला मनुष्य आणि इस्पितळ इतकी सामग्री लागे. जेथें पटकी जास्त तेथें ही सामग्री कमी, हा जुनाच न्याय.

ह्या अडचणींतून वाट निघाली ती प्रयोगशाळेंत. सन १९६० मध्यें रॉबर्ट क्रेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज, आंतड्याच्या अस्तरांतून आंत जातांना मिठांतील सोडियमला आपल्याबरोबर घेऊन जाते. एकटें मीठ दाराशीं अडतें. शर्करेचा हात धरून आलें म्हणजे त्याला प्रवेश मिळतो, आणि दोघांच्या मागोमाग पाणी आंत शिरतें. पटकीच्या विषानें हें दार बंद होत नाहीं, ही निसर्गाची मोठीच कृपा म्हटली पाहिजे. सन १९६८ मध्यें ढाक्का येथील पटकी-संशोधन प्रयोगशाळेंत डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश ह्या दोन तरुण डॉक्टरांनीं पटकीच्या रोग्यांना शर्करा व क्षार घातलेलें पाणी मोजून पाजलें, आणि तें न घेणाऱ्या रोग्यांशीं त्यांची तुलना केली. पाणी पिणाऱ्यांना शिरेंतून द्यावयाच्या सलाइनची गरज शेंकडा ८० नीं कमी लागली.

वास्तविक असाच उपाय कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी ह्यांनीं पंधरा वर्षें आधीं करून पाहिला होता. सौम्य व मध्यम पटकीच्या १८६ रोग्यांना त्यांनीं तोंडावाटें पाणी देऊन बरें केलें आणि तो वृत्तांत सन १९५३ मध्यें 'लॅन्सेट' ह्या प्रख्यात वैद्यकीय पत्रांत छापूनहि आला. त्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. त्यांच्या लेखांत तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता, आणि हा गुण कां यावा ह्याचें शास्त्र तोंवर कोणाला उकललें नव्हतें. शास्त्रज्ञांचा हा संशय सर्वस्वीं चुकीचा होता असें म्हणतां येत नाहीं, कारण सौम्य पटकीचे कांहीं रोगी औषधावांचूनहि बरे होतात. परंतु ह्या संशयानें जीं पंधरा वर्षें घेतलीं, त्यांची किंमत ज्यांनीं दिली त्यांचीं नांवें कोठेंच नोंदलेलीं नाहींत.

पुढची परीक्षा झाली ती इस्पितळाच्या शिस्तींत नव्हे, तर निर्वासितांच्या छावणींत. सन १९७१ मध्यें पूर्व बंगालमधून लक्षावधि माणसें सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्यें आलीं आणि छावण्यांतून पटकी सुरू झाली. बनगांव येथें डॉ. दिलीप महालनोबिस ह्यांच्याकडे जें इस्पितळ आलें त्यांत रोगी जमिनीवर दाटीनें पडलेले होते आणि सलाइनचा सांठा संपत आला होता. त्यांनीं कलकत्त्यास ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा ह्यांच्या पुड्या बांधून घेतल्या, त्या पिंपांतील पाण्यांत कालवल्या, आणि पिंपाची तोटी सोडून कपांनीं तें पाणी पाजण्याचें काम रोग्यांच्या आई-बापांवर, भावा-बहिणींवर सोंपविलें. छावण्यांतून शंभर रोग्यांपैकीं तीस दगावत होते. बनगांवांत हें प्रमाण शेंकडा ३.६ वर आलें. येथेंहि तुलनेचा गट नव्हता. अर्ध्या रोग्यांना मुद्दाम पाणी न देतां ठेवणें कोणाच्याहि हातून घडलें नसतें. पण ढाक्क्याचा नीट मांडलेला प्रयोग आधींच झालेला असल्यामुळें बनगांवनें एक निराळाच प्रश्न सोडविला: हें पाणी डॉक्टरावांचून, परिचारिकेवांचून, चिखलांत बसलेल्या नातेवाइकांच्या हातून पाजलें तरी गुण येतो काय? उत्तर होय असें मिळालें. तरीहि जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या उपायाचा हिरिरीनें पुरस्कार करावयास सन १९७८ उजाडलें.

औषध सांपडलें, तें खेड्यांत चालतें हेंहि दिसलें. पण तें प्रत्येक खेड्यांतील प्रत्येक घरीं पोंचवावयाचें कसें? ह्या प्रश्नाला स्वतंत्र झालेल्या बांगला देशांतील एका संस्थेनें जें उत्तर दिलें, त्याची हकीकत उपायाच्या शोधापेक्षां कमी प्रसिद्ध आणि कदाचित् अधिक बोधप्रद आहे. फजले हसन आबेद ह्यांनीं सन १९७२ मध्यें सिल्हेट जिल्ह्यांतील सुल्ला भागांत 'ब्रॅक' ही संस्था युद्धांत उद्ध्वस्त झालेल्यांच्या साह्यासाठीं स्थापिली. सन १९७९ हें आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतें. त्या निमित्तानें बालमृत्यु कमी करण्याचें काम हातीं घ्यावयाचें ठरलें, आणि बालमृत्यूच्या कारणांत हगवण अग्रभागीं होती.

कारखान्यांत तयार झालेल्या पुड्या देशभर वांटणें हा सरळ मार्ग दिसतो. परंतु त्या काळीं तितक्या पुड्या तयार होत नव्हत्या. झाल्या असत्या तरी पावसाळ्यांत पाण्यानें वेढलेल्या खेड्यांपर्यंत त्या वेळेवर गेल्या नसत्या, आणि हगवण तर पावसाळ्यांतच जास्त. म्हणून घरांत जें असतें त्यांतूनच औषध करावयाचें ठरलें. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ. गुळांत पोटॅशियम हा क्षारहि असतो व जुलाबांतून तोहि वाहून जातो, तेव्हां ह्या गांवठी मिश्रणाला साखरेहून गूळच बरा ठरला. बंगालींत ह्याला 'लोबोन-गुर' म्हणूं लागले. आपल्याकडे जलसंजीवनी म्हणून जें पाणी प्रसिद्ध आहे तें ह्याच कुळांतलें.

चिमूट व मूठ हीं मापें सोयीचीं खरीं, पण धोक्याचींहि आहेत. मीठ जास्त पडलें तर तान्ह्या मुलाच्या रक्तांत सोडियम वाढून त्याला झटके येतील, प्रसंगीं तें दगावेल. कमी पडलें तर पाण्याचा उपयोग होणार नाहीं. आईच्या हातांत औषध देणें म्हणजे तिच्या हातांत अपाय देण्याचाहि संभव मान्य करणें होय. म्हणून सांगून किंवा चित्र दाखवून न थांबतां प्रत्येक आईकडून समोर मिश्रण करवून घ्यावयाचें, आणि अशा मिश्रणांचे नमुने बाटल्यांतून प्रयोगशाळेंत नेऊन त्यांतील मिठाचें प्रमाण तपासावयाचें असा नियम ठेवण्यांत आला. बहुतेक नमुने निर्धोक मर्यादेंत बसले. चूक होई ती चिमटींत नव्हे, तर पाण्याच्या मापांत. कारण घरोघरचें भांडें वेगळें.

शिकविण्याचें काम तरुण स्त्रियांकडे देण्यांत आलें. चौदा जणी, एक स्वयंपाकीण आणि एक पुरुष देखरेखनीस असा जथा गांवांत मुक्काम ठोकी. पडदानशीन मुसलमान समाजांत परगांवच्या तरुण मुलींनीं पायीं घरोघर हिंडावें हें सन १९८० मध्यें साधें साहस नव्हतें. त्यांनीं घरांत बसून आईला हगवण म्हणजे काय, ती कां घातक, पाणी कसें करावें, किती व केव्हां पाजावें, दूध व अन्न कां तोडूं नये, अशा मोजक्या गोष्टी पाठ करून घ्यावयाच्या.

आतां प्रश्न आला पगाराचा. घरें मोजून पगार दिला तर शिकविणारी घाईनें घरें उरकील. महिन्याचा ठराविक दिला तर सावलींत बसेल. संस्थेनें वेगळाच मार्ग काढला. एका गांवाचें काम झाल्यानंतर कांहीं आठवड्यांनीं निराळे तपासनीस त्या गांवीं जात, शिकविलेल्या घरांपैकीं थोडीं घरें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं निवडीत आणि आईला तींच कलमें विचारीत. तिला जितकीं आठवत तितका त्या शिक्षिकेचा मेहनताना अधिक. कोणत्या घराची तपासणी होईल हें आधीं कळत नसल्यानें प्रत्येक घरीं मन लावून शिकविणें भाग पडे. वेतन श्रमाला नव्हे, फळाला द्यावयाचें, असा हा विचार होता, आणि तो अतिशय चांगला लागू पडला. महिन्यानंतरहि बहुतेक माता कलमें धडाधड म्हणून दाखवूं लागल्या, आणि त्यांनीं केलेलें पाणीहि बरोबर उतरूं लागलें.

येथें एखाद्या संस्थेनें अहवाल छापून समाधान मानलें असतें. परंतु कोणीतरी आणखी एक साधा प्रश्न विचारला: मागच्या पंधरवड्यांत ज्या घरीं मुलाला जुलाब झाले, त्या घरीं हें पाणी प्रत्यक्ष पाजलें काय? उत्तर ऐकून सर्वांचीं तोंडें उतरलीं असलीं पाहिजेत. तें प्रमाण शेंकडा दहापर्यंतहि पोंचलें नव्हतें. माता परीक्षेंत पहिल्या येत होत्या, आणि मूल आजारी पडलें कीं पूर्वीप्रमाणेंच वैदूकडे किंवा गोळ्यांच्या दुकानाकडे धांव घेत होत्या. पगार स्मरणशक्तीला दिला, म्हणून स्मरणशक्ति वाढली. मापलें तें मिळालें. हवें तें मापलेंच नव्हतें.

कारणें शोधण्यासाठीं मग माणसें पुन्हां खेड्यांत गेलीं. पहिलें कारण संस्थेच्या स्वतःच्या घरांत सांपडलें. शिकविणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळ जणींचा ह्या पाण्यावर विश्वासच नव्हता. आपल्याला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत. मिठागुळाच्या पाण्यानें पटकी बरी होते हें त्यांना कोणी पाठ करून दिलें होतें, पटवून दिलें नव्हतें. आणि न पटलेली गोष्ट कितीहि शुद्ध उच्चारून सांगितली तरी ऐकणाऱ्या बाईला आवाजावरून तें कळतें. तेव्हां ह्या कार्यकर्त्यांना पटकी-संशोधनाच्या प्रयोगशाळेंतील तज्ज्ञांकडे नेऊन आंतड्याचें शास्त्र समजावून देण्यांत आलें. पुढें त्या खेड्यांत मातांसमोर तें पाणी आधीं आपण पीत व मग शिकवीत.

दुसरें कारण पुरुष. शिक्षिका येत, आईशीं बोलत, जात. घरधनी बाहेर असे. पण आजारी मुलासाठीं पैसे कोठें खर्चावयाचे, कोणाला बोलवावयाचें, ह्याचा निर्णय त्याच्याकडे असे, आणि त्याला वाटे कीं ह्या अनोळखी पोरींनीं आपल्या मागें बायकोला काय भलतेंच शिकवून ठेवलें आहे कोण जाणे! म्हणून पुरुषांच्या सभा बाजारांतून, शाळांतून व मशिदींतून भरविण्यांत आल्या. गांवच्या वैदूंनाहि बोलावण्यांत आलें. नभोवाणीवरून हाच मजकूर ऐकूं येऊं लागल्यावर तो सरकारमान्य व शहाण्यांचा वाटूं लागला, हाहि एक लाभ.

तिसरें कारण सर्वांत सूक्ष्म आहे, आणि आरोग्याचीं आंकडेवार पत्रकें तयार करणाऱ्या प्रत्येकानें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. संशोधक 'डायरिया' म्हणत ते कोणत्याहि कारणानें होणाऱ्या पातळ जुलाबांना. खेड्यांतील मातेच्या कोशांत मात्र चार वेगळे शब्द होते. तान्ह्या मुलाला आईच्या दुधामुळें होते ती 'दूध हागा'. खाण्याच्या बिघाडानें होतें तें 'अजीर्ण'. आंव पडते ती 'आमाशा'. आणि पाण्यासारखे सारखे जुलाब होऊन जीव घाबरा होतो तो 'डायरिया', म्हणजे जवळजवळ पटकीच. शिक्षिकेनें सांगितलें कीं डायरिया झाला तर हें पाणी पाजा. आईनें तें अक्षरशः ऐकलें. दुधाच्या हगवणीला तिनें पाणी पाजलें नाहीं, कारण तो डायरिया नव्हता. ह्या चौथ्या प्रकारांत पाण्याचा वापर पाहिला तेव्हां तो इतर प्रकारांपेक्षां कितीतरी अधिक आढळला. म्हणजे तपासनिसांनीं सर्व जुलाब एका पोत्यांत भरून जें अपयश मोजलें, त्यांतला कांहीं भाग आईच्या दुर्लक्षाचा नसून भाषेच्या घोटाळ्याचा होता. महाराष्ट्रांतील घरोघरींहि दांत येतांनाचे जुलाब, आंव व अजीर्ण ह्यांना स्वतंत्र नांवें व स्वतंत्र घरगुती उपाय आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या घोटाळ्याचें नवल वाटणार नाहीं. अर्थात् पहिल्या तीन प्रकारांतहि मूल कोरडें पडूं शकतें, म्हणून शिकवणींत ते शब्द घालावे लागलेच. पण दोष कोणाचा, हें आतां निराळ्या रीतीनें दिसूं लागलें.

ह्या दुरुस्त्यांनंतर वापर वाढत गेला. सन १९९० मध्यें मोहीम संपली तोंवर सव्वा कोटींच्या आसपास घरांतून आईला समोर बसवून हें पाणी करावयास शिकवून झालें होतें. पुढें कांहीं वर्षांनीं केलेल्या पाहणींत बहुसंख्य मातांना तें निर्धोक रीतीनें करतां येत असल्याचें आढळलें. त्यांत मोहिमेच्या वेळीं लहान असलेल्या मुलीहि आतां आया झालेल्या होत्या. हळूहळू तयार पुड्या स्वस्त झाल्या, दुकानोदुकानीं मिळूं लागल्या, आणि चिमूट व मूठ मागें पडली. सन २०१० नंतरच्या राष्ट्रीय पाहण्यांत बांगला देशांत जुलाब झालेल्या दर चार मुलांपैकीं सुमारें तिघांना पुडीचें पाणी मिळत असल्याचें दिसलें. इतकें प्रमाण फार थोड्या देशांनीं गांठलें आहे.

मग ह्या मोहिमेनें किती मुलें वांचविलीं? हा प्रश्न साहजिक आहे, पण त्याचें नेमकें उत्तर देणें कठीण आहे. सन १९८० च्या सुमारास बांगला देशांत जन्मलेल्या हजार मुलांपैकीं दोनशेंच्या आसपास मुलें पांच वर्षांचीं होण्यापूर्वींच मरत. सन २०२० पर्यंत हा आंकडा तीसच्या घरांत आला. परंतु ह्याच काळांत गोंवराची व इतर रोगांची लस आली, मुली शाळेंत गेल्या, कुटुंबें लहान झालीं, नळकूप खणले गेले. देशभर एकच मोहीम चालविली म्हणजे जेथें ती चालली नाहीं असा तुलनेचा प्रदेशच उरत नाहीं. शिवाय ह्या पाण्यानें आंव बरी होत नाहीं, आणि महिनोन् महिने रेंगाळणारी हगवणहि थांबत नाहीं. जगांत ह्या उपायानें अमुक कोटि जीव वांचले असे जे आंकडे समारंभांतून वाचले जातात, ते गणितानें काढलेले अंदाज आहेत, शिरगणति नव्हे. तरीहि बाकीचे पुरावे एकाच दिशेनें बोट दाखवितात. सन १९८० च्या सुमारास जगांत दरवर्षीं पांच वर्षांखालील सेहेचाळीस लाख मुलें हगवणीनें मरत असा अंदाज होता. आतां तो पांच लाखांच्या आंत आहे.

औषधांतहि दुरुस्ती थांबलेली नाहीं. जुन्या पुडींत मीठ थोडें जास्त होतें. सन २००२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें मीठ व ग्लुकोज कमी केलेली पुडी सुचविली, आणि सन २००४ पासून तिच्या जोडीला कांहीं दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्या असें सांगण्यांत येऊं लागलें.

भारतांत ज्या मातीवर बनगांवचा प्रयोग झाला, तेथील आंकडे मात्र सावकाश हललेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें सन २०१५-१६ मध्यें जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकीं ५१ मुलांना ओआरएस मिळालें. सन २०१९-२१ मध्यें ६१ मुलांना. उरलेल्यांना कां मिळालें नाहीं ह्याचा शोध घेणारा एक अभ्यास सन २०२४ मध्यें 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. कर्नाटक व बिहारमधील अडीचशेंहून अधिक गांवांतून दोन हजारांवर खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे सोंग घेतलेले गृहस्थ पाठविण्यांत आले. त्यांनीं घरीं दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होत असल्याचें सांगितलें. ह्या डॉक्टरांना व दुकानदारांना ओआरएसचें महत्त्व ठाऊक नव्हतें असें नाहीं. औषध शिल्लक नसणें किंवा दुसऱ्या औषधांत नफा अधिक असणें, हीं कारणें प्रत्येकीं शंभरांत पांच-सहांपुरतींच निघालीं. सर्वांत मोठें, शंभरांत ४२ इतका वांटा असलेलें कारण हें निघालें कीं, गिऱ्हाइकाला असलें साधें पाणी नको असतें असा त्यांचा समज होता. ज्या गृहस्थांनीं बोलतांना ओआरएसचें नांव काढलें त्यांना तें मिळण्याचें प्रमाण शंभरांत २७ नीं वाढलें.